पत्रिकेखालची ओळ

मी बोलत्ये आणि माझी सून वैशाली मोबाईलवर टाईप करत्ये. तिच्या फोनात तुमचा हा ग्रुप हाय. माणसं आपापले अनुभव लिहितात, ती मला जेवणं झाली की वाचून दाखवते. त्यातले बरेचसे मला खोटे वाटतात, राग मानू नका. पिंपळाखाली बाई उभी होती, घाटात म्हाताऱ्यानं गाडीला हात केला... अहो, मी बाईमाणूस असून अर्धं आयुष्य अंधाराची चालल्ये. चिरेखाणीवर कामाला जायचं तर काळोखात घर सोडायचं, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, आणि वाटेत मसण. मला कधी कोण भेटलं नाय. भेटलं असतं तर म्हटलं असतं, बाबा, आलायस तर चिरा उचलायला हात लाव.

तेव्हा असलं मानणाऱ्यातली मी नाय. शाळा माझी चौथीपर्यंत. वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर. जोडाक्षर आलं की थांबावं लागतं.

आमचं घर पूर्णगडला. रत्नागिरीवरून येताना पावस मागे टाकलंत की खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे एक रस्ता वर कातळाकडे चढतो. त्या चढावर आमचं चिऱ्याचं घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीला बोर्ड हाय — लग्नपत्रिका, बॅनर, मराठी टायपिंग. तो दिगूनं लावलेला.

दिगू म्हणजे माझा मुलगा दिगंबर. एकुलता. त्याचा बाप मुंबईला हॉटेलात कामाला होता, तिथेच गेला. दिगू तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होता. मग मी चिरे उचलले, आंब्याच्या दिवसांत बागेत पेट्या भरल्या, पावसात लोकांची लावणी केली. वैशाली म्हणते हे सगळं नीट सांगा. काय सांगायचं, आमच्याकडे घरोघर तेच. पोर मोठं झालं, एवढं पुरे.

दिगू रत्नागिरीत एका छापखान्यात काम शिकला आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन घरी आला. पडवीत बसून पत्रिका करायचा. आजूबाजूच्या वाड्यांतलं लग्न म्हणजे पत्रिका दिगूकडून. वेलबुट्टी, मोर, गणपती, सगळं त्यानं स्वतः बसून काढलेलं. पडद्यावर पत्रिका तयार करायची, गिऱ्हाइकाला दाखवायची, मग रत्नागिरीला पाठवून छापून आणायची.

मला तो आये म्हणायचा. आमच्या वाडीत पूर्वी सगळेच म्हणायचे, आता पोरं मम्मी म्हणतात. वैशाली मंडणगडकडची, बारावी झालेली, ती मला आई म्हणते. आये म्हणणारा तो एकच उरला होता.

एके दिवशी सकाळी छातीत दुखतंय म्हणाला. गाडी करून रत्नागिरीला नेईपर्यंत संपलं होतं. त्याला आता तिसरा पावसाळा.

मूलबाळ नव्हतं त्यांना. वैशालीचा भाऊ न्यायला आला होता. म्हणाला, इथे कशाला राहतेस, चल. तिला राहा असं मी कुठल्या तोंडानं बोलू, तिचं वय काय, माझं काय. पण तिनंच सांगितलं, हे काम मला येतं, ते चाललं तर मी इथेच राहीन, नाय चाललं तर येईन. आणि पडवीचं दार उघडून त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. टायपिंग दिगूनंच तिला शिकवलेलं. काम चाललं. आम्ही दोघी पेज खाऊन, भात खाऊन राहिलो.

आता मुद्द्याचं.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांची घाई सुरू होते. त्याच दिवसांत लाईट जायला लागली. जायची, यायची, परत जायची. एकदा अशीच लाईट आली, वैशालीनं कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर चौकोन आला, आत लाल फुली. मी पडवीत तांदूळ निवडत बसल्ये होत्ये. मी विचारलं, काय झालं गो? ती म्हणाली, "डीएलएल हरवलीय म्हणतोय." मला ऐकू आलं दिल्ली. मी म्हटलं, दिल्लीला गेली असेल तर येईल की परत. ती हसली. दिगू गेल्यापासून हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

तिनं मला सांगितलं की एक फाईल असते, ती नसली तर हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालत नाय. पण चौकोनातलं ओके दाबलं तर चौकोन गेला आणि सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं ते असं की पत्रिका ओळखू येईना. वेलांटी एकीकडे, अक्षर एकीकडे, काने सुटे पडलेले, मधेमधे नुसते डबे. नवऱ्या मुलाचं नाव कुठलं आणि बापाचं कुठलं, काय कळेना. वैशाली कपाळाला हात लावून बसली.

आणि त्या मोडक्यातोडक्या पत्रिकेच्या खाली एक ओळ होती. तेवढीच नीट.

वैशालीला वाटलं चुकून काहीतरी दाबलं गेलं. तिनं ती पुसली. बंद करून परत उघडलं, चौकोन आला, ओके दाबलं, ओळ परत तिथेच. तेव्हा तिनं ती मोठ्यानं वाचली. "आये जेवलीस काय."

मला म्हणाली, आई, तुम्ही ह्याला हात लावलात का? मी कशाला हात लावत्ये? मला ते चालू करता येत नाय. ती आये हा शब्द कधी लिहीत नाय, आणि पत्रिकेत कोण लिहील? मग मी उठून आत गेल्ये. खरं सांगायचं तर मी जेवल्ये नव्हत्ये. दिगू सकाळपासून कामात असला तरी जेवायची वेळ झाली की पडवीतून ओरडून हे विचारायचा, मान वर न करता. सगळी मुलं विचारतात. त्यात विशेष काय नाय. पण मी जाऊन पान वाढून घेतलं आणि जेवल्ये.

वैशाली म्हणाली, त्यानं कधीतरी टाईप करून ठेवलं असेल, ते कुठेतरी राहिलं असेल. मलाही ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी ओळ वेगळी होती. "आये गोळी घेतलीस काय." आता प्रेशरची गोळी मला डॉक्टरनं दिली ती दिगू गेल्यानंतर. त्याला माहीत असायचं काय कारण नव्हतं.

मग रोजच. मी कामं आटपून पडवीत स्टूल घेऊन बसायची. वैशाली चालू करायची, चौकोन यायचा, ओके, आणि मी पडद्याजवळ बोट नेऊन वाचायची. आये पाय दुखतात काय. आये पाणी गरम करून घे. कधी नुसतंच आये. मोठं काय नाय, तुम्हाला वाटेल काही गुपित सांगितलं असेल, तसलं काय नाय. एक गोष्ट मात्र मला मागाहून कळली. त्या ओळींत जोडाक्षर कधी नसायचं. एकदाही नाय. मला वाचता येईल असंच.

मी उत्तर द्यायची. जेवल्ये रे. घेतली गोळी. घेत्ये पाणी. वैशाली स्वयंपाकघरातून ऐकायची. एक दिवस माझ्या मागे येऊन उभी राहिली. हात पिठाचे. मला वाटलं ती पण वाचत्ये.

ती म्हणाली, "आई, माझं नाव एकदाही नाय."

मी तिला सांगितलं, तू इथे समोर बसतेस म्हणून नसेल घेत. ती जाऊन भाकरी थापायला लागली. हे टाईप करताना तिनं आता मला विचारलं, हे ठेवू का? म्हटलं ठेव. खरं तेच हाय.

ती तरी किती सोसणार. अक्षरं मोडलेलीच होती. एकेक अक्षर हातानं जोडून ती पत्रिका करायची. जी पत्रिका दिगू जेवायच्या आधी करून टाकायचा ती करायला तिला दिवस जायचा, मान आखडायची. दुसरं सॉफ्टवेअर का घेत नाय, असं सगळे विचारायचे. पण दिगूचे मोर, गणपती, सगळ्या जुन्या पत्रिका ह्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाय, आणि लोकांना तीच डिझाईन हवी असते.

त्यातच बाबलचं प्रकरण झालं. बाबल आमच्या खालच्या वाडीतला, त्याच्या मुलीचं लग्न. पत्रिका छापून आल्या, त्यानं अर्ध्या गावात वाटल्यासुद्धा. मग एक दिवस उरलेला गठ्ठा घेऊन पडवीत येऊन बसला. रागीट माणूस नाय तो, पण तोंड उतरलेलं. एक पत्रिका काढून वैशालीच्या पुढे ठेवली. सगळं बरोबर होतं, मुलीचं नाव, मुहूर्त, मामाचं नाव. आणि खाली, आग्रहाचं निमंत्रण लिहितात त्याच्या खाली — आये गोळी घेतलीस काय.

"वैशाले," तो म्हणाला, "आमच्या लग्नाला माणसांनी गोळ्या घेऊन यायचं काय गो? व्याही फोन करून विचारतोय, जेवणात काय वाढणार हायत."

मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. वैशालीला हसू आलं नाय. ती शपथेवर सांगत होती की पाठवली तेव्हा ओळ नव्हती, तिनं तीनदा बघितलं होतं. तिनं पदरचे पैसे घालून पत्रिका परत छापून दिल्या. पण गोष्ट पसरली. पुढच्या दोन लग्नांच्या पत्रिका परस्पर रत्नागिरीला गेल्या. मग बारशाची गेली. पडवीत दिवसचे दिवस कोण येईना. एक दिवस वैशाली फोनवर भावाशी बोलत होती, हळू आवाजात. मी परसात भांडी घासत होत्ये. मला एवढंच ऐकू आलं की, बघते, शिमग्यापर्यंत बघते.

मीच म्हटलं, सलीमला बोलाव.

सलीम पावसचा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दिगूचा दोस्त, मला मावशी म्हणतो. तो आला, बसला, खूप वेळ काय काय उघडून बघितलं. मी विचारलं, आजार काय हाय ते मला कळेल असं सांग. तो म्हणाला, मावशी, एकट्या सॉफ्टवेअरला सगळं येत नाय. जोडाक्षर कसं जोडायचं, वेलांटी कुठे द्यायची, हे दुसऱ्या फाईलीत असतं. तिला लायब्ररी म्हणतात. ज्याला लागेल त्यानं तिथून घ्यायचं. ती लायब्ररीच गेलीय. मी म्हटलं, कोणीतरी पुस्तक नेलं असेल आणि परत केलं नसेल. तो हसला, म्हणाला तसंच समजा.

पण मग त्याचं हसणं थांबलं. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवरून ती फाईल आणून ह्याच्यात टाकली. परत चालू केला तर तोच चौकोन, हरवलीय म्हणून. बघितलं तर टाकलेली फाईल जागेवर नाय. असं दोनतीनदा झालं. मग तो वैशालीला म्हणाला, वहिनी, फाईल बिघडते, हरवते, हे रोजचं हाय. पण ती नसली की सॉफ्टवेअर उघडतच नाय. ओके दाबलं की विषय संपला. तुमचं उघडतंय कसं? आणि लायब्ररी नसताना ही खालची एक ओळ बरोबर कशी येते?

तेव्हा वैशालीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. दिगूच्या मयताला तो खांद्याला होता.

म्हणाला, उपाय एकच. सगळं काढून टाकायचं आणि दिगूच्या सीडीवरून नवीन घालायचं. पत्रिका, मोर, गणपती सगळं राहील, त्याची जबाबदारी माझी. पण ओळ राहील की नाय, ते मला सांगता येत नाय. "मावशी, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाय."

मी म्हटलं, दोन दिवस थांब.

वैशाली त्या दोन दिवसांत नको म्हणाली नाय, कर म्हणाली नाय. माझ्या पायाला तेल लावून दिलं रोजच्यासारखं. मी विचार करत होत्ये. हा नुसता विचारतो, जेवलीस काय. वाढून देणारी ही हाय. पण म्हणून त्याला गप्प कर, असं आपल्या तोंडानं कसं सांगायचं? मुलाला कोणती आई सांगेल?

सलीम आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वैशाली विहिरीवर गेली होती. मुद्दाम गेली असेल, मी विचारलं नाय. सलीम म्हणाला, मावशी, शेवटचं उघडून बघता? म्हटलं, उघड. चौकोन आला. ओके दाबलं. मी बोट नेलं.

आये येतो हां.

मी परत वाचलं. आये. येतो. हां.

आमच्यात बाहेर पडणारा माणूस जातो म्हणत नाय. अशुभ असतं ते. येतो म्हणायचं, म्हणजे परत येण्यासाठी निघतो. दिगू रत्नागिरीला पत्रिका आणायला निघाला की गाडीवर बसून हेच सांगायचा. मला वाटलं, पोरानं ठरवायचं माझ्यावर ठेवलं नाय. स्वतःच निरोप घेतला, म्हणजे मला कर म्हणताना जड जाऊ नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाय. बरंच वाटलं, छाती हलकी झाल्यासारखी. मी म्हटलं, "ये हो बाबा." आणि सलीमला म्हटलं, कर.

त्यानं केलं. वैशाली कळशी घेऊन आली तोवर अर्धं झालं होतं. पुन्हा चालू केला तेव्हा चौकोन आला नाय. पत्रिका उघडली ती लख्ख. सगळी जोडाक्षरं जागच्या जागी. खाली काय नव्हतं.

बाबलनंच पुढे चार माणसं पाठवली. काम परत सुरू झालं, शिमगा आला, गेला, वैशाली इथेच हाय. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाय, तिच्यासमोर तर नायच, आणि ती नसतानाही नाय.

पण पुढचं ऐका. मे महिन्यात शेजारच्या शेवंतीकडे बसल्ये होत्ये. तिचा मुलगा मुंबईला असतो. तिचा फोन वाजला, तिनं तो मोठ्या आवाजावर लावला, तिला कमी ऐकू येतं. मुलगा गाडीतून बोलत होता, रत्नागिरीच्या अलीकडे हातखंब्याला पोचलो म्हणाला. आणि म्हणाला, आई, येतो हां. शेवंती उठली आणि जास्तीचे तांदूळ धुवायला गेली.

मी तिथेच बसून राहिल्ये.

दिगू पण परत येताना पावसवरून फोन करायचा. तेव्हाही हेच म्हणायचा. निघताना येतो हां, आणि घराजवळ आला की येतो हां. त्यात एका अक्षराचा फरक नाय. फरक आवाजात असायचा, आणि ओळीला आवाज कुठला?

रोज एकेक ओळ येत होती. आधी रोजची विचारपूस, मग माझ्या आताच्या गोळीची, मग हे. जाणारं माणूस असं जवळ जवळ येतं काय? मी दुसरी बाजू मनातच आणली नाय. एक दिवस, एकच दिवस थांबल्ये असत्ये तर कळलं असतं. दुसऱ्या दिवशी ओळ आली नसती तर गेला म्हटलं असतं. आणि आली असती तर... काय आलं असतं, मला ठाऊक नाय. वैशालीचं नाव असतं कदाचित. हे मी तिला आज पहिल्यांदा सांगत्ये. तिनं टाईप करायचं थांबवलंय. कर गो, एवढंच राहिलंय.

सलीमला परत बोलावलं. त्यानं काढून टाकलेलं सगळं पेनड्राईव्हवर ठेवलं होतं, तसंच्या तसं. त्यानं वैशालीच्या कामाला धक्का न लावता दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते घालून बघितलं. चौकोन आला. ओके दाबलं. चौकोन गेला आणि काय उघडलं नाय. पुस्तकी नियमानं व्हायला हवं तेच झालं, असं तो म्हणाला. त्यानं रत्नागिरीतल्या शिकलेल्या मुलांनाही विचारलं. कोण म्हणतं व्हायरस, कोण म्हणतं दिगूनंच काहीतरी करून ठेवलं असेल. गोळीचं त्याला कसं कळलं, ह्याला कोणाकडे उत्तर नाय. माझ्याकडेही नाय. तुमच्यात कोण जाणकार असेल तर सांगा, पण मला पटेलच असं नाय.

मी त्याला ये म्हटलं होतं. निघणाऱ्याला ये म्हणतात आणि दारात आलेल्यालाही ये म्हणतात, तेवढं बरं झालं, शब्द चुकला नाय माझा. फक्त ये म्हटलं, आणि त्याच दमात सलीमला सांगून दार लावून घेतलं.